वाघाची समाधी आणि माळावरचा लांडगा

शिर्डीला वाघाची समाधी आहे. दर्शनाला येणाऱ्या लाखो भाविकांपैकी थोड्यांचेच पाय तिकडे वळत असतील. पण गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या वाचकांना ती कथा परिचित आहे. 1918 साली, साईबाबांच्या महासमाधीच्या काही दिवस आधी, खेळ करून पोट भरणारे दरवेशी एक आजारी वाघ साखळदंडांनी बांधून शिर्डीत आणतात. मशिदीच्या पायरीशी बाबांच्या दृष्टीस दृष्ट भिडते आणि वाघ प्राण सोडतो. त्याला महादेवाच्या देवळाजवळ पुरले जाते. पशूलाही सद्गती लाभावी, हा त्या कथेचा भाव आहे, आणि तो आपल्या परंपरेला साजेसाच आहे.

प्रश्न पडतो तो वेगळाच. हा वाघ या मुलखातला नव्हता. तो गाडीवर बसून आला होता. गोदावरी आणि प्रवरेच्या या उघड्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या शेजारी जगला तो लांडगा. त्याने इथल्या मेंढ्या खाल्ल्या, इथल्या कुत्र्यांशी झुंज घेतली, इथल्या गुराख्यांची झोप मोडली. त्याची समाधी कोठे नाही, मूर्ती नाही, आरतीत उल्लेख नाही. वाघाला देवीचे वाहन होता आले, कुत्र्याला दत्ताच्या पायाशी आणि खंडोबाच्या परिवारात जागा मिळाली, नागाला पंचमी मिळाली. लांडग्याच्या वाट्याला आली ती एक म्हण, एक शिवी आणि एक बक्षीस. म्हण आणि शिवी आपण दिली; बक्षीस सरकारने लावले, त्याला मारण्यासाठी. या तिन्हींचा इतिहास एकत्र पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

आरंभ शब्दांपासून करू. संस्कृतातला ‘वृक’ मराठीत आला तो समासांतूनच. गीतेच्या पहिल्या अध्यायात भीमाला ‘वृकोदर’ म्हटले आहे. लांडग्यासारखे पोट असलेला, म्हणजे ज्याची भूक शमत नाही असा. त्या गीतेवरची मराठीतली थोर टीका याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवाशाला सांगितली गेली, हा योगायोग नगरच्या माणसाला सुखावणारा आहे. परंतु भीमाचे हे विशेषण आपण उच्चारतो तेव्हा डोळ्यांपुढे लांडगा उभा राहत नाही. लांडगा उभा राहतो तो ‘लांडगेतोड’ या शब्दात. कोणाच्या इस्टेटीवर नातलग तुटून पडले, सत्तेच्या वाटणीत पक्ष एकमेकांवर धावून गेले, की आपण हा शब्द वापरतो. माणसांच्या हावरेपणाला जनावराचे नाव देण्याची ही सोय जुनी आहे. प्रत्यक्षात लांडग्याचा कळप हे एक कुटुंब असते, नर-मादी आणि त्यांची वाढती पिले. शिकार करून आलेला लांडगा पिलांसाठी खाल्लेले पुन्हा ओकून देतो. ‘लांडगेतोड’ म्हणताना आपण लांडग्यावर अन्याय करतो की माणसावर, हे ठरवणे कठीण आहे.

आणि ‘लांडगा आला रे आला’? ही गोष्ट इतकी आपली झाली आहे की ती परकी आहे हे आपण विसरलो. ती इसापाची. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इसापाला मराठी शाळेत आणले. सरफोजीराजांच्या तंजावरात तर त्याहीपूर्वी इसाप मराठीत छापला गेला होता. आपल्या पंचतंत्रात लांडगा आहे, पण दुय्यम. सगळी चतुराई कोल्ह्याच्या वाट्याला आली आहे. इसापाने मराठी मुलाला लांडगा दिला, तो खोटेपणाच्या शिक्षेसाठी. गोष्टीत दोष मुलाचा. लांडगा केवळ निमित्त. मात्र या गोष्टीचा शेवट आपण नीट वाचत नाही. शेवटी लांडगा खरोखर येतो, मेंढपाळ खरोखर ओरडतो, आणि कोणी धावून येत नाही. या शेवटाकडे आपल्याला पुढे परत यावे लागेल.

त्याआधी आणखी एका, फार जुन्या गोष्टीची आठवण करू. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ऋज्राश्वाचा उल्लेख येतो. या तरुणाने एका लांडगिणीला शंभर मेंढे कापून घातले. पित्याने संतापून त्याला आंधळे केले. मग त्या लांडगिणीनेच अश्विनीकुमारांची प्रार्थना केली, आणि त्या देववैद्यांनी ऋज्राश्वाला दृष्टी परत दिली. मेंढ्या हे ज्या समाजाचे धन, त्या समाजाच्या स्मृतीत ही गोष्ट टिकून राहावी, याचे नवल वाटते. पित्याचा क्रोध समजण्यासारखा आहे. शंभर मेंढे ही थट्टा नव्हे. पण सूक्तकाराची सहानुभूती पुत्राच्या आणि लांडगिणीच्या बाजूला आहे. लांडग्याला वाटा द्यावा काय, दिल्यास तो कोणाच्या कळपातून द्यावा, आणि त्याची शिक्षा कोणी भोगावी, हे तिन्ही प्रश्न या दोन-तीन ऋचांत आहेत. आजही ते सुटलेले नाहीत.

आता आधुनिक काळाकडे वळू. भारतीय लांडग्याचे शास्त्रीय नामकरण झाले ते दख्खनच्या लांडग्यावरून. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीच्या फौजेतील अधिकारी. 1824 साली मुंबई सरकारने त्याला दख्खनच्या सांख्यिकी पाहणीच्या कामावर नेमले. जमीन, पीक, लोकसंख्या मोजता मोजता त्याने पशुपक्षीही मोजले, आणि 1831 साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. तीत लांडग्याला त्याने ‘कॅनिस पॅलिपेस’, म्हणजे फिकट पायांचा, हे नाव दिले आणि शेजारी मराठ्यांचा शब्दही नोंदवला: लांडगा. हा प्राणी दख्खनच्या उघड्या, खडकाळ माळांवर विपुल आहे, घाटातील जंगलात मात्र आढळत नाही, असेही त्याचे निरीक्षण आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्तीही 1831 चीच. एकाच वर्षी मराठी शब्द आणि मराठी जनावर अशा दोहोंची नोंदणी नव्या राज्यकर्त्यांच्या दप्तरात झाली.

साइक्सचे ते छोटे निरीक्षण या विषयाची किल्ली आहे. लांडगा रानाचा नाही, माळाचा आहे. आणि माळ ही चीज आपल्या महसुली दप्तराला कधी कळली नाही. लोकांच्या भाषेत माळ, माळरान, बरड, कुरण, गायरान असे किती शब्द आहेत. प्रत्येकाचा गवताशी आणि गुरांशी वेगळा संबंध आहे. दप्तरात या सगळ्यांचा मिळून एकच शब्द झाला: पडीक. 1835 नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीने मुंबई इलाख्यात जमीन मोजण्याची नवी पद्धत इंदापुरापासून रुजवली, तिचा रोख पडीक जमीन नांगराखाली आणण्याकडे होता. पुढे 1878 च्या वनकायद्याने उरलेल्या चराईवर निर्बंध आले. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गायराने आणि डोंगर जंगलखात्याने गिळल्याची तक्रार केली आहे, ती शेतकऱ्याच्या गुरांसाठी. पण त्याच गायरानावर धनगराच्या मेंढ्या होत्या, काळविटांचे कळप होते आणि त्या दोहोंवर जगणारा लांडगा होता. त्यांची तक्रार लिहिणारे कोणी नव्हते.

उपद्रवी जनावरांना मारण्याबद्दल रोख बक्षीस देण्याची पद्धत ब्रिटिश अमलात देशभर रूढ झाली. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेला हिशेब असा की, 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. तिघांत मोठा आकडा लांडग्याचा आहे. तरीही आपल्या वन्यजीवनाच्या शोकगाथेत वाघ अग्रभागी आणि लांडगा कोठेच नाही. वाघ मारणे हा पराक्रम होता. त्याची छायाचित्रे निघाली, कातडी भिंतीवर टांगली गेली. लांडगा मारणे हे केवळ काम होते. बिळाच्या तोंडाशी धूर करायचा, पिले गुदमरवायची किंवा काढून मारायची, आणि कचेरीत जाऊन पैसे घ्यायचे. अशा कामाचे पोवाडे होत नाहीत.

इथे लांडग्याचा दुसरा चेहरा झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर भारतात लांडग्यांनी मुले उचलून नेल्याच्या घटना त्या काळातही घडत होत्या आणि आपल्या डोळ्यांदेखतही घडल्या आहेत. 1996 साली पूर्व उत्तर प्रदेशात आणि 2024 साली बहराइच जिल्ह्यात लहान मुले बळी पडली. त्या आयांपुढे लांडग्याचा गौरव करण्याची कोणाची छाती होणार नाही. दख्खनच्या माळावर मात्र संबंध मुख्यतः मेंढीचा राहिला आहे, मुलाचा नव्हे. म्हणून इथला इतिहास वेगळा लिहावा लागतो.

तो इतिहास धनगरांच्या वाड्यावर घडला. दिवाळीनंतर माळावरचे गवत सरते, तसे वाडे हलतात. घोड्यांवर संसार, पाठीवर कोकरे, पुढे मेंढ्या आणि भोवती कुत्री. वाटेत शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य वा पैसे देतो. रात्री मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, उभे राहते. ग्युंथर सोन्थायमर यांनी धनगरांची दैवते आणि ओव्या यांवर आयुष्य वेचले. त्यांच्या ग्रंथांतून दिसते की बिरोबा-खंडोबाचा हा भक्तसमाज गाव आणि रान यांच्या सीमेवर जगणारा आहे. नेमक्या त्याच सीमेवर लांडगाही जगतो. दोघांची वाट एक, दोघांचे ऋतू एक, दोघांचे धन एक.

काही वर्षांपूर्वी श्रीगोंद्याकडून परतताना अशाच एका वाड्यापाशी थांबणे झाले. वाघर लावून होत आली होती. लांडग्याविषयी विचारले, तेव्हा एक वयस्क मेंढपाळ म्हणाले, “सर, वाघर लावली की निम्मं काम झालं. राह्यलेलं कुत्र्याचं. त्यातून बी त्यानं नेलं, तर ते त्याचं व्हतं म्हनायचं.” मी विचारले, “आणि राग नाही येत?” ते हसले. “येतो की. काठी काय उगं घेतली व्हय? पर त्यानं बी कुटं जायाचं?” या उत्तराला मी तत्त्वज्ञान म्हणणार नाही. त्यात औदार्य आहे तसा नाइलाजही आहे; क्षमा आहे तशी काठीही आहे. पण हिशेबात लांडग्याचा वाटा धरलेला आहे, हे खरे. त्याच समाजात बिळे बुजवणारे आणि पिले मारणारे लोकही आहेत, हेही तितकेच खरे. सहजीवन हा शब्द आपण अलीकडे फार गोडपणे वापरतो. माळावर त्याचा अर्थ इतकाच, की भांडण चालू राहते आणि दोन्ही पक्ष उरतात.

हे भांडण जिल्ह्याच्या उत्तर भागात संपले, ते बक्षिसाने नव्हे, तर पाण्याने. विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर-मधमेश्वरापासून गोदावरीचे कालवे निघाले. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेचे पाणी खाली खेळू लागले. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला सहकारी कारखाना सुरू झाला. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर हा पट्टा हिरवा झाला. त्या पाण्याने किती घरांची उपासमार थांबवली, हे ज्यांनी दुष्काळ पाहिला त्यांना सांगावे लागत नाही; माझ्यासारख्यांचे शिक्षण त्याच पाण्यावर झाले आहे. पण माळ गेला, आणि माळाबरोबर लांडगा गेला. आज शिर्डीच्या परिसरात जनावराची बातमी येते ती बिबट्याची. ऊस हे त्याच्या दृष्टीने बारमाही रान आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात केलेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, तेही शेतीच्या आणि वस्तीच्या मुलखात. म्हणजे कालव्याने एक शिकारी घालवला आणि दुसरा आणला. इतिहासात अशी अदलाबदल क्वचितच इतकी उघड दिसते.

लांडगा उरला तो जिथे कालवा पोचला नाही तिथे: कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर, आणि पुढे सोलापूर, बीड, पुण्याच्या पूर्वेकडील कोरडा मुलूख. दुष्काळी म्हणून ज्या तालुक्यांची आपण कीव करतो, तेच त्याचे शेवटचे घर. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला बसवले. कागदावर सन्मान झाला. जमिनीवर माळ मात्र पडीकच राहिला. 1979 साली सोलापूर-नगर जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य झाले, 1980 साली कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी. रेहेकुरीचे क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर. लांडग्याचे एक कुटुंब एका रात्रीत ते ओलांडून जाईल. शिवाय हिरवे म्हणजे चांगले, या समजुतीने गवताळ माळांवर झाडे लावण्याच्या योजना आल्या. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही असे माळ ‘पडीक’ म्हणूनच रंगले. वाघाचे जंगल तोडले तर आपण आंदोलन करतो. लांडग्याच्या माळावर वसाहत, औद्योगिक क्षेत्र वा सौरप्रकल्प आला, तर त्याला विकास म्हणतो, कारण तिथे ‘काही नव्हते’.

या ‘काही नव्हते’ला विज्ञानाने अलीकडे मोठे चोख उत्तर दिले आहे. 2004 साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून, आणि पुढे 2021 साली संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेतून असे दिसले, की भारतीय लांडग्याची शाखा जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक आहे. युरोप-अमेरिकेतील लांडग्यांपासून ती लाखो वर्षांपूर्वी वेगळी झाली. 2019 साली इरावती माजगावकर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील सुमारे 89 हजार चौरस किलोमीटरच्या टापूची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातील जेमतेम अडीच टक्के भूमी संरक्षित आहे. तरीही जवळजवळ दोन तृतीयांश टापूत लांडग्याचा वावर आढळला. म्हणजे त्याला वाचवले असेल, तर ते अभयारण्यांनी नव्हे. शेतकऱ्याच्या पडीत आणि धनगराच्या वाटेवर तो वाचला. 2023 साली पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि गावठी कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा मिळाला. गावे वाढली, उकिरडे वाढले, कुत्री वाढली, त्याचा हा परिणाम. 2025 साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने भारतीय लांडग्याचे स्वतंत्र मूल्यमापन करून त्याला असुरक्षित ठरवले. उरलेली संख्या तीन हजारांच्या आसपास. देशातल्या वाघांहूनही ती कमी आहे.

आता त्या इसापाच्या शेवटाकडे. मेंढी गेली, तर शासन भरपाई देते, नियम आहे. पण ठरावीक मुदतीत कळवावे लागते, जागेवर पंचनामा व्हावा लागतो, मेलेले जनावर दाखवावे लागते. वाड्याचा मुक्काम आज इथे, उद्या तिथे. लांडगा कोकरू तोंडात धरून नेतो, तेव्हा दाखवायला काही मागे राहत नाही. शेत परक्याचे, तालुका परका, कागद गावी. मेंढपाळ ‘लांडगा आला’ म्हणून सांगतो, खरे सांगतो, आणि कोणी धावून येत नाही. शाळेत आपण मुलांना शिकवतो की हे खोटे बोलण्याचे फळ. या माणसाने तर खोटे कधी सांगितलेच नव्हते.

ऋज्राश्वाची कथा इथे नव्याने वाचावीशी वाटते. लांडगिणीला मेंढे देणारा आज तोच आहे, डोळे गमावणाराही तोच. अतिप्राचीन वंशाचा हा प्राणी जगावा, असे वाटणारे आपण शहरांत आणि महाविद्यालयांत बसून लेख लिहितो. त्याचा खर्च मात्र तीस-चाळीस मेंढ्यांच्या धनातून कोणी दुसराच भरतो. त्यातच चराई दरवर्षी आटते, मुले वाडा सोडून कामाच्या शोधात शहर गाठतात. वाडे हलायचे थांबले, तर लांडग्याला वाटा देणारा हात उरणार नाही. बंदिस्त पालनाच्या शेडभोवती विजेचे कुंपण असेल. त्याला वाघरीचे शहाणपण नसेल. लांडगा आणि धनगर ही दोन निरनिराळी संरक्षणाची प्रकरणे नाहीत. माळ हे त्यांचे सामाईक घर आहे, आणि ते एकाच वेळी मोडते आहे.

2024 साली आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचा जन्म 1725 साली चौंडीचा. चौंडी जामखेड तालुक्यात, त्याच कोरड्या मुलखात, एका धनगर घरातला. त्यांच्या त्रिशताब्दीला चौंडीत समारंभ झाले, राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकही तिथे भरली. नामांतराचे स्वागतच आहे. पण ज्या समाजाच्या कन्येचे नाव आपण जिल्ह्याला दिले, त्या समाजाची वाट, त्याचा माळ आणि त्या माळावरचा त्याचा जुना वैरी यांची नोंद दप्तरात अजून ‘पडीक’ या एका शब्दात आहे. नावे बदलण्याचे आपण मनावर घेतलेच आहे, तर हा एक शब्दही बदलून पाहावा. लांडग्याला समाधी नको आहे. ती मेल्यावर बांधतात. त्याला आणि त्याच्या मेंढपाळाला माळ हवा आहे.